फोन लावण्याआधी: होणाऱ्या भाडेकरूची चौकशी आणि त्याची संमती

त्या मुलाने अर्जावर सगळं नीट लिहिलं होतं. नाव, कायमचा पत्ता, कंपनीचं नाव, साहेबांचं नाव आणि त्यांचा मोबाइल नंबर. मी चष्मा लावला, नंबर फिरवला आणि साहेबांना विचारलं, "तुमच्याकडे काम करणारा हा मुलगा आमचं घर भाड्याने घेतोय, माणूस कसा आहे?" पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "घर घेतोय? कोणत्या भागात?" मी सांगितलं. पुन्हा शांतता. "चांगला आहे मुलगा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी तो मुलगा दारात उभा. आत या म्हटलं तरी उंबरा ओलांडला नाही. "काकू, मी नोकरी बदलतोय. अजून राजीनामा दिलेला नाही. तुमचं घर नव्या ऑफिसपासून जवळ, म्हणून बघत होतो. साहेबांनी आज दुपारी केबिनमध्ये बोलावून विचारलं, इतक्या लांब घर कशाला?" नव्या नोकरीचं पत्र अजून त्याच्या हातात पडलं नव्हतं. त्याने आवाज चढवला नाही, त्यामुळे मला ते जास्तच लागलं. कागद परत मागितले, मी दिले, तो जिना उतरून गेला.

नंबर त्यानेच लिहून दिला होता, हे खरं. पण मी तो कधी लावणार, काय विचारणार, लावण्याआधी त्याला सांगणार का, यातलं एक वाक्यही आमच्यात झालं नव्हतं. मी गृहीत धरलं आणि किंमत त्याने मोजली.

घराचा वरचा मजला आणि दोन खोल्यांची एक वेगळी जागा मी गेली १९ वर्षं भाड्याने देते. हा प्रसंग तिसऱ्या वर्षातला. त्यानंतर मी चौकशी करणं सोडलेलं नाही, घर अनोळखी माणसाच्या हाती द्यायचं तर चौकशी केलीच पाहिजे. पण आता समोरच्याने ठिकाणाचं नाव घेऊन "इथे विचारा" असं लिहून दिल्याशिवाय मी एकही फोन लावत नाही. तो कागद कसा करायचा, कधी पुढे ठेवायचा आणि सही झाल्यावर कसं वागायचं, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी आपल्याला काय हवंय ते ठरवा

कागद लिहायला बसण्याआधी एक काम करा. भाडेकरूबद्दल तुम्हाला काय काय जाणून घ्यायचंय ते सगळं एका पानावर उतरवा आणि प्रत्येकापुढे "हे कशासाठी?" असं लिहा. माझ्या पहिल्या यादीत चौदा गोष्टी होत्या. प्रामाणिकपणे उत्तरं लिहिल्यावर तीनच उरल्या. हा माणूस स्वतःला जो म्हणवतो तोच आहे का? दरमहा भाडं त्याला झेपेल का? आणि आधीच्या घरात तो कसा राहिला?

धर्म, जात, लग्न कधी करणार, मूल कधी, घरात कोण आजारी, या गोष्टींपुढे "कशासाठी" लिहायला गेले तेव्हा पेन अडलं. त्या मी खोडल्या. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यांवरून घर नाकारणं बेकायदा ठरवलं, १९७४ मध्ये त्यात लिंगाची भर पडली आणि १९८८ मध्ये अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं याची. तुम्ही राहता तिथला कायदा काय म्हणतो ते बघून घ्याच. पण कायदा नसता तरी या प्रश्नांचा भाडं वेळेवर येण्याशी काही संबंध नाही. याच कारणाने मी कोणाचं सोशल मीडियाचं खातंही उघडून बघत नाही. तिथे नेमकं तेच कळतं जे विचारायचं नाही असं आपण ठरवलेलं असतं, आणि एकदा कळलं की ते मनातून काढता येत नाही.

कागद कधी पुढे करायचा

घर बघायला आलेल्या प्रत्येकाकडून ओळखपत्राची प्रत घेण्याची सवय फार ठिकाणी आहे. मीही घ्यायचे. एका वर्षी कपाट आवरताना माझ्याकडे अशा अठरा माणसांच्या प्रती निघाल्या, ज्यांना मी घर दिलंच नव्हतं. त्यांच्या सह्या, जन्मतारखा, फोटो, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. कोणाच्या हाती लागली असती तर मी कोणाला काय उत्तर दिलं असतं? तेव्हापासून घर नुसतं बघायला येणाऱ्याकडून मी नाव आणि फोन नंबर सोडून काही घेत नाही.

क्रम असा ठेवा. पहिल्याच फोनवर सांगून टाका की घर पसंत पडलं तर आम्ही चौकशी करतो, पण तुमच्या लेखी परवानगीने. ज्याला हे नकोच आहे त्याची खेप वाचते. मग घर दाखवा, भाडं, अनामत, मुदत, नियम सगळं बोलून घ्या. त्यांना घर हवंय आणि तुम्हालाही माणसं बरी वाटताहेत, इथपर्यंत गाडी आली की मगच संमतीपत्र काढा. आणि तपासणी एका वेळी एकाच कुटुंबाची करा. चार जणांच्या मागे एकदम चौकशी लावायची आणि त्यातून एक निवडायचा, यात तिघांची खाजगी माहिती विनाकारण उघडी पडते.

कागद हातात दिल्यावर लगेच सही मागू नका. मी दोन प्रती देते आणि म्हणते, "घरी न्या, वाचा, ज्यांचे नंबर देणार त्यांना आधी विचारा, उद्या-परवा द्या." दारात उभं राहून, पेन पुढे धरून घेतलेली सही माणूस वाचून करत नाही.

आणखी एक, हे मला एका भाडेकरू बाईंनी शिकवलं. त्या म्हणाल्या, "माझं ओळखपत्र देते, पण हे घर तुमचंच आहे हे मला कसं कळणार?" मला आधी जरा राग आला. मग पटलं. खोटे घरमालक बनून लोकांची ओळखपत्रं आणि अनामतीचे पैसे उकळणारे असतातच. तेव्हापासून मी त्यांचे कागद मागण्याआधी घराचा मालकीचा कागद आणि माझं ओळखपत्र टेबलावर ठेवते. आपण आधी उघडं झालं की समोरचाही मोकळा होतो.

संमतीपत्रात काय लिहायचं

संमती म्हणजे काय, हे वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांनी जवळपास सारख्याच शब्दांत सांगितलंय. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी असं म्हटलंय, आणि माहितीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय असली पाहिजे असंही. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी त्यात आलीच. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमांतही हाच गाभा आहे. तिथल्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी एका खटल्यात स्पष्ट केलं की चौकटीत आधीच टिक करून ठेवलेली असेल तर ती संमती धरता येत नाही. टिक माणसाने स्वतः करायला हवी.

आपल्या एका घरासाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण "विशिष्ट" हा एक शब्द मी पाळला असता तर त्या मुलाला केबिनमध्ये जावं लागलं नसतं. "माझ्याबद्दल कोणतीही चौकशी करण्यास माझी हरकत नाही" असं एक वाक्य बाजारात मिळणाऱ्या छापील अर्जांवर असतं. त्या वाक्यावर सही घेऊ नका. त्यातून सही करणाऱ्याला काय होणार ते कळत नाही, आणि उद्या वाद झाला तर तुम्हालाही ते वाक्य वाचवेल याचा भरवसा नाही.

माझ्या कागदाचा मजकूर असा आहे. हवा तर उचला, आपल्याकडचा कायदा बघून बदला.

"मी, (पूर्ण नाव), (घराचा पत्ता) हे घर भाड्याने घेण्याचा विचार करत आहे. घरमालक (पूर्ण नाव, फोन) यांना माझ्याबद्दल फक्त खाली मी टिक केलेल्या ठिकाणी आणि फक्त तिथे लिहिलेल्या गोष्टींची चौकशी करण्याची परवानगी देत आहे.

☐ ओळख: माझं मूळ ओळखपत्र पाहणे.

☐ आधीचे घरमालक (नाव, फोन, कोणत्या काळात राहिलो): राहण्याचा काळ, भाडं वेळेवर दिलं का, घर कोणत्या अवस्थेत सोडलं, शेजाऱ्यांच्या तक्रारी.

☐ उत्पन्न: यांपैकी एक पर्याय मी निवडत आहे. पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा दाखवीन / नियुक्तीपत्र दाखवीन / कामाच्या ठिकाणी (नाव, फोन) विचारावे.

☐ कामाच्या ठिकाणी फोन: आत्ता करू शकता / मी सांगेन त्या तारखेनंतर करा / करू नका.

☐ क्रेडिट रिपोर्ट (कर्जाचे हप्ते वेळेवर भरले का याची नोंद): मी स्वतः काढून दाखवीन.

ही परवानगी आजपासून १५ दिवस चालेल. मी ती कधीही, एका मेसेजवर, मागे घेऊ शकतो/शकते. चौकशीत काय कळलं ते मी विचारल्यास मला सांगितलं जाईल. घर ठरलं नाही तर माझे कागद ३० दिवसांत परत मिळतील किंवा नष्ट होतील. सही, तारीख."

खाली माझीही सही असते. हा कागद दोघांचा आहे. मी काय करीन याचं वचन त्यात आहे, त्यामुळे एकट्या भाडेकरूची सही असून भागत नाही. एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

कामाच्या ठिकाणच्या ओळीत तीन पर्याय ठेवलेत, त्यावर थोडं बोलते. बऱ्याच लोकांना ऑफिसात फोन गेलेला नको असतो आणि त्याची कारणं चांगली असतात. नोकरी बदलायची असते, घटस्फोटाचं चाललेलं असतं आणि ते कोणाला कळू द्यायचं नसतं, कोणाच्या वरिष्ठाला कर्मचाऱ्याच्या खाजगी गोष्टींत नाक खुपसायची सवय असते. "करू नका" हा पर्याय छापलेला असला की तो निवडताना माणसाला ओशाळं व्हावं लागत नाही. आणि मला हवं असतं ते उत्पन्नाचं उत्तर. ते पगाराच्या स्लिपेतूनही मिळतं. आजवर ज्यांनी "करू नका" वर टिक केली त्यांच्यातला एकही भाडं द्यायला टाळाटाळ करणारा निघाला नाही.

१५ दिवसांची मुदत मुद्दाम आहे. मुदत नसलेली परवानगी कपाटात पडून राहते आणि वर्षभराने तिच्या जोरावर कोणीतरी पुन्हा फोन लावतं. भाडेकरू राहायला आल्यानंतर काही नवं तपासायची वेळ आली तर नवा कागद.

प्रत्येक मोठ्या माणसाची सही वेगळी

घरात राहणाऱ्या आणि करारावर नाव येणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाने आपला कागद आपण भरायचा. नवऱ्याने बायकोचा, मोठ्या भावाने धाकट्याचा नाही. जामीनदार असेल तर त्याचाही वेगळा.

एकदा एक गृहस्थ म्हणाले, "तिचंही मीच भरतो, ती ऑफिसात असते." मी म्हटलं, "काही घाई नाही, शनिवारी दोघं या." शनिवारी त्या आल्या, कागद हातात घेतला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. नवऱ्याने त्यांच्या ऑफिसच्या रकान्यात "आत्ता करू शकता" वर आधीच टिक करून आणली होती. त्यांनी ती खोडली, शेजारी "करू नका" वर केली, बाजूला छोटी सही केली आणि पर्समधून पगाराच्या तीन स्लिपा काढून दिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. तो खोडलेला कागद पाहिला की आपण शनिवारपर्यंत थांबलो याचं मला बरं वाटतं.

एजंटमार्फत भाडेकरू येत असेल तर एजंटने घेतलेली सही तुमच्या चौकशीला चालेल असं धरू नका. त्या कागदावर तुमचं नाव आहे का, काय विचारायचं ते लिहिलंय का, ते बघा. नसेल तर आपला कागद द्या.

सही झाली, आता फोन

फोन लावण्याच्या आदल्या दिवशी अर्जदाराला मेसेज करते: "उद्या सकाळी तुमच्या आधीच्या घरमालकांना फोन करणार आहे." त्याने त्यांना कल्पना दिलेली असली की पलीकडचा माणूस सावध होऊन गप्प बसत नाही. ज्याचा नंबर दिलाय त्याचीही खाजगी बाजू असते, हे विसरू नये. माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "मी अमुक. तमुक यांनी तुमचा नंबर देऊन तुमच्याशी बोलायची लेखी परवानगी दिली आहे. पाच मिनिटं आहेत का? आणि तुम्ही जे सांगाल ते त्यांनी विचारलं तर मी त्यांना सांगणार आहे." शेवटचं वाक्य ऐकून काही जण बोलायचं टाळतात. टाळू देत. पाठीमागे बोलायला तयार आणि तोंडावर सांगायला तयार नाही, अशा माहितीवर मी घराचा निर्णय घेत नाही.

प्रश्न असे विचारा की उत्तर तुमच्या प्रश्नातच नसेल. "ते तुमच्याकडे दोन वर्षं होते ना?" असं विचारलं की "हो" येतं. "कधीपासून कधीपर्यंत होते?" विचारलं की तारखा येतात. भाडं किती होतं, किती तारखेला यायचं, घर सोडताना नोटीस दिली का, अनामत पूर्ण परत केली का, नसेल तर किती आणि कशाबद्दल कापली. आणि सर्वांत शेवटी: "पुन्हा घर द्याल का?" या प्रश्नाच्या उत्तराआधीची थांबणी नीट ऐका.

आत्ताच्या घरमालकापेक्षा त्याच्या आधीचा घरमालक जास्त उपयोगी. आत्ताच्याला भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो तोंड भरून कौतुक करील, जाऊ नये असं वाटत असेल तर उणं काढील. आधीच्याला त्याच्या जाण्या-राहण्याशी काही देणंघेणं उरलेलं नसतं. म्हणून कागदावर दोघांची जागा ठेवा, पण भाडेकरूने आत्ताच्या घरमालकाला अजून सांगितलं नसेल तर त्या रकान्यावर जोर देऊ नका. ऑफिसचीच गोष्ट इथेही आहे. नवं घर पक्कं होण्याआधी जुनं हातचं गेलं तर माणूस रस्त्यावर येतो.

पलीकडचा खरंच घरमालक आहे ना, की मित्राला उभं केलंय? माझा उपाय साधा आहे. मी घराच्या अशा एक-दोन गोष्टी विचारते ज्या मालकालाच ठाऊक असतात: करार कोणाच्या नावे होता, मजला कोणता, पाण्याचं बिल कोण भरायचं. आणि उत्तरं अर्जाशी ताडून बघते.

कागदावर जे लिहिलंय त्यापलीकडे जायचं नाही. एका घरमालकांनी मला न विचारता सांगायला सुरुवात केली, "त्यांच्याकडे रात्री-अपरात्री कोण येतं माहितीये का..." मी थांबवलं, म्हटलं, "शेजाऱ्यांची लेखी तक्रार आली होती का?" नव्हती. विषय संपला. तसंच अर्जदाराची माहिती आपण पलीकडे सांगायची नाही: त्याचा पगार, नवा पत्ता, नोकरी. माझ्या त्या पहिल्या चुकीत मी घराचा भाग सांगितला, तीच तर ठिणगी होती.

फोन ठेवल्यावर लगेच वहीत तारीख, वेळ, कोण बोललं आणि काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. "बरा वाटला" असं नका लिहू. "१० तारखेच्या आत भाडं, एकदा २५ ला, आधी कळवलं होतं" असं लिहा.

क्रेडिट रिपोर्ट आणि पोलिसांचं काय

क्रेडिट रिपोर्ट भाडेकरूने स्वतः काढून दाखवावा, ही सगळ्यांत सरळ वाट. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने त्यातले गुण (क्रेडिट स्कोअर) कमी होत नाहीत. कर्ज देणाऱ्या संस्थेने अर्जापोटी केलेल्या चौकशीने होऊ शकतात. भारतात १ जानेवारी २०१७ पासून चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. रिपोर्ट समोर बसून बघा, प्रत ठेवू नका. मला हप्ते वेळेवर जातात का एवढंच हवं असतं, कर्ज कशासाठी काढलंय ते नको. आणि तपासणीचा खर्च भाडेकरूवर टाकण्याआधी स्थानिक नियम पाहा. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून घरमालकाला किंवा एजंटला असे पैसे घेताच येत नाहीत. मी कुठेही राहत असते तरी घेतले नसते. चौकशी माझ्या मनाच्या समाधानासाठी आहे.

काही ठिकाणी भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करणं घरमालकाला बंधनकारक असतं. तिथे संमती मागण्याचा आव आणू नका. जे करावंच लागणार आहे त्याला "चालेल ना?" विचारणं खोटं आहे. सरळ सांगा की हा नियम आहे, अमुक कागद जातील, अमुक दिवशी जातील. संमतीपत्रात तो रकाना घालू नका, वेगळी माहिती म्हणून लिहा. आणि कुठून गुन्ह्याची नोंद समोर आलीच तर आधी जन्मतारीख आणि पूर्ण नाव जुळवा. सारख्या नावाची माणसं फार असतात. गुन्हा नोंदला जाणं आणि तो सिद्ध होणं यातही मोठं अंतर आहे.

नाही म्हणाले तर

"संमती मुक्त हवी म्हणता, आणि दिली नाही तर घर देत नाही, मग मुक्त कसली?" हा प्रश्न मला एका तरुणाने विचारला होता, आणि तो बरोबर होता. माझं उत्तर असं: मला तीन गोष्टींची खात्री हवी, ती कशी पटवायची ते तुम्ही ठरवा. पहिल्यांदाच घर सोडून बाहेर राहणाऱ्याला आधीचा घरमालक कुठून असणार? त्याला वसतिगृहाचं पत्र चालतं, जामीनदार चालतो. स्वतःचा व्यवसाय असेल तर पगाराच्या स्लिपेऐवजी कर भरल्याचे कागद. आधीच्या घरमालकाशी वाजलं असेल तर भाडं भरल्याच्या बँकेतल्या नोंदी. एका वाटेला नकार म्हणजे माणूस लपवतोय, असं मी धरत नाही. तिन्ही गोष्टींना कोणतीच वाट नको असेल, तर मात्र मी नमस्कार करून घर दुसऱ्याला दाखवते.

कोणी सही करून मग परवानगी मागे घेतली तर त्याच क्षणी थांबा. कारण विचारू नका. राहिलेले फोन करायचे नाहीत, आणि आत्तापर्यंत जे कळलं त्यावर किंवा दुसऱ्या एखाद्या वाटेने निर्णय होतो का ते त्यांच्याशी बोलून बघा. संमती जितक्या सहज देता आली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, हे युरोपच्या आणि भारताच्या दोन्ही कायद्यांत आहे.

वाईट ऐकू आलं तर आधी त्यांना सांगा

चार वर्षांपूर्वी एका बाईंच्या आधीच्या घरमालकांनी मला सांगितलं, "दोन महिन्यांचं भाडं बुडवून गेल्या." वहीत लिहिलं आणि फोन खाली ठेवताना मन नाही म्हणून मोकळं झालं होतं. पण कागदावर माझीच सही होती, काय कळलं ते सांगीन म्हणून. संध्याकाळी त्यांना बोलावलं आणि वही पुढे केली. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी फोनमध्ये बँकेच्या नोंदी काढल्या. शेवटचे दोन महिने सोडून दरमहा भाडं गेलेलं. शेवटच्या दोन महिन्यांसाठी घरमालकांचाच मेसेज होता, की भाडं अनामतीतून वळतं करतो. नंतर भिंतीच्या रंगावरून वाद झाला आणि त्या रकमेचा हिशेब दोघांच्या डोक्यात वेगळा राहिला. आज त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात.

मी त्या संध्याकाळी सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. अमेरिकेच्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यात हे बंधन म्हणूनच आहे: तपासणी करणाऱ्या कंपनीच्या अहवालावरून घर नाकारलं तर घरमालकाने त्या कंपनीचं नाव, पत्ता, फोन देऊन तसं कळवायचं, आणि भाडेकरूला ६० दिवसांच्या आत अहवालाची मोफत प्रत मागता येते, चूक असेल तर हरकत घेता येते. नुसता नकारच नाही, अहवालामुळे जास्त अनामत किंवा जामीनदार मागितला तरी कळवावं लागतं. तुमच्याकडे असा कायदा नसेल तरी एवढं करा: काय ऐकलं ते सांगा, उत्तर द्यायला दोन दिवस द्या, मग ठरवा.

कागद कुठे जातात

ओळखपत्र मी मूळ बघते आणि परत देते. कराराला प्रत लागणारच असेल तर प्रतीवर आडवी रेघ मारून "फक्त (पत्ता) या घराच्या भाडेकरारासाठी", खाली तारीख, असं भाडेकरूलाच लिहायला लावते. अक्षरं फोटोवरून आणि नंबराच्या कडेवरून जायला हवीत, नाहीतर तेवढा भाग कापून प्रत दुसरीकडे वापरता येते.

घर ज्यांना दिलं नाही त्यांचं पाकीट वेगळं. त्यावर मी मोठ्या अक्षरात फाडायची तारीख घालते आणि कॅलेंडरवर खूण करते. त्या दिवशी कागद आडवे-उभे बारीक फाडते, फोनमधल्या चॅटमधून आणि गॅलरीतून फोटो काढते. गॅलरीतून काढलेला फोटो कचऱ्याच्या फोल्डरमध्ये काही दिवस पडून असतो, तो तिथूनही काढावा लागतो, आणि फोटो आपोआप क्लाउडवर चढत असतील तर तिथूनही. मुलाला किंवा नवऱ्याला "बघ रे" म्हणून पाठवले असतील तर त्यांच्या फोनमधूनही. मग एक मेसेज: "आपले कागद आज नष्ट केले. फोनमध्येही काही ठेवलेलं नाही."

वहीतलं पान मात्र मी करार संपेपर्यंत ठेवते, आणि ते बघायचं असेल तर भाडेकरूने जिना उतरून खाली यायचं, वही टेबलाच्या खणात असते.